पेटी नवी घेतली तरी चमचे काळे पडतात? आधी डाग कुठे आहे ते बघा

तक्रार एकच असते आणि ती फिरून फिरून येते. चांदीचे चमचे-काटे मन लावून पॉलिश केले, पेटीत ठेवले, झाकण लावलं. दोन-तीन महिन्यांनी उघडलं तर पुन्हा तोच पिवळट-काळा थर. पुन्हा पॉलिश. मग कोणीतरी सुचवतं, पेटीच जुनी झाली, नवी घ्या. नवी येते, आणि पुन्हा तेच.

मी चार वर्षं हेच करत होते. आत्याकडून आलेला ४४ नगांचा स्टर्लिंग चांदीचा संच आहे माझ्याकडे. प्रत्येक मुठीच्या टोकाला तिच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं आहे. संच आला तेव्हा त्या अक्षरावरून नख फिरवलं की कड लागायची. मागच्या वर्षी एका चमच्यावर नख फिरवलं आणि ते सरळ घसरून गेलं. पॉलिश करताना दर वेळी काळ्या थराबरोबर थोडी चांदीही निघून जाते हे मला माहीत होतं, पण ते बोटाला जाणवलं त्या दिवशी मी पॉलिशचा डबा बाजूला ठेवला आणि मुळात हा थर येतो कुठून याच्या मागे लागले. मुलाम्याच्या चांदीचं तर आणखी वाईट. तिथे चांदीचा पदरच पातळ असतो, पाच-दहा वर्षं जोर लावून घासलं की खालचा धातू डोकवायला लागतो.

काळा थर आहे तरी काय

हा थर चांदी आणि गंधक यांच्या संयोगातून बनतो. त्याचं नाव सिल्व्हर सल्फाइड. हवेत हायड्रोजन सल्फाइड वायू अब्ज भागांत एखादा भाग असला तरी चांदीला तेवढा पुरतो, आणि हवा दमट असली की काम आणखी वेगाने होतं. स्टर्लिंगमध्ये ९२.५ टक्के चांदी आणि बाकी बहुतेक तांबं असतं. तांबंही काळवंडतं, म्हणून ९९.९ टक्के शुद्ध चांदीपेक्षा स्टर्लिंग लवकर डागाळतं.

थोडक्यात, पेटीकडून दोन कामं हवीत. बाहेरचं गंधक आत येऊ द्यायचं नाही, आणि स्वतःच्या पोटातून गंधक सोडायचं नाही. पेटी घेताना आपण लाकडाची झळाळी बघतो, बिजागरी हलवून बघतो, अस्तरावर हात फिरवून "छान मऊ आहे" म्हणतो. दुसऱ्या कामाची चौकशी कोणी करतच नाही, आणि माझ्या अनुभवाने निम्म्याहून जास्त घोटाळा तिथेच असतो.

डाग पुसण्याआधी वाचा

पेटी उघडल्यावर लगेच पॉलिश करू नका. पॉलिश केलं की पुरावा गेला. एकेक नग उचला, खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरा, कोणती बाजू कशी दिसते ते कागदावर टिपून ठेवा. कोणता नग कोणत्या खाचेत होता तेही लिहा.

अस्तराला टेकलेली बाजू काळी आणि वरची उजळ असेल तर दोष अस्तरात किंवा अस्तराच्या खाली आहे. हेच उलटं दिसलं, म्हणजे टेकलेली बाजू स्वच्छ आणि उघडी बाजू पिवळी, तर अस्तर बिचारं चांगलं आहे, त्याला दोष देऊ नका. हवा झाकणाच्या फटीतून येते आहे, नाहीतर झाकणाच्या आतल्या बाजूचं काहीतरी वायू सोडतं आहे. सगळ्या नगांवर सगळीकडून सारखाच थर असेल तर लाकूड, प्लायवुड, गोंद किंवा खोलीची हवा यांच्यावर संशय घ्यावा.

मुठींवर एका रेषेत आडवा काळा पट्टा दिसला तर फार शोधायला नको. कधीतरी सहा-सहा चमचे रबर बँडने बांधून ठेवलेले असतात. रबर पक्कं करायला त्यात गंधक घालतात, आणि त्याची खूण कापडाच्या किंवा कागदाच्या घडीतूनही चांदीवर उमटते. ठिपक्याठिपक्यांचे डाग असतील तर ओलसर नग आत गेले आहेत, किंवा बोटांचे ठसे राहिले आहेत, किंवा मीठ. मीठ सगळ्यात वाईट. ते नुसतं काळं करून थांबत नाही, चांदीत बारीक खड्डे पाडतं, आणि ते खड्डे पॉलिशने जात नाहीत. फक्त वापरात आलेलेच नग काळे पडत असतील तर पेटी निर्दोष आहे. अंडं, कांदा, मोहरी यांतलं गंधक धुण्यात राहून गेलं आहे.

माझ्या टिपणात काय निघालं? ४४ पैकी ३१ नगांची खालची बाजू काळी, वरची जवळजवळ साफ. उरलेल्यांत झाकणाच्या खाचांमधल्या आठही सुऱ्या ठीक होत्या. आणि तीन काट्यांच्या दात्यांच्या बुडाशी काळपट रेघा होत्या, वरूनही आणि खालूनही. या तीन काट्यांचं प्रकरण वेगळं निघालं, ते पुढे सांगते.

अस्तराची परीक्षा

पेटी नवी होती, आत निळी मखमल. पहिला संशय लोकरीचा. लोकर आणि लोकरीचा नमदा (लोकर दाबून केलेलं जाड कापड) यांत गंधक जात्याच असतं, वजनाच्या ३ ते ४ टक्के. जुन्या पेट्यांत हिरवा किंवा लाल नमदा सर्रास सापडतो. दिसतो फार राजस, पण चांदीला वर्षानुवर्षं काळं करत राहतो. रेशीमही टाळावं. ओळखायला सोपं आहे: अस्तराच्या कडेचा एक धागा ओढून घ्या, चिमट्यात धरा, पाण्याच्या ताटलीवर धरून पेटवा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर किंवा रेशीम. कागद जळाल्यासारखा वास आला तर सुती. वितळून कडक गोळी झाली तर कृत्रिम धागा.

माझ्या मखमलीचा धागा कागदासारखा जळला. म्हणजे सुती. इथे मी जवळजवळ हार मानली होती. पण खालची बाजू काळी होते आहे हे तर डोळ्यांसमोर होतं. म्हणून कोपऱ्यातली मखमल सुरीच्या टोकाने उचकटली. खाली नखाएवढ्या जाडीचा पिवळट फोमचा थर होता. दाबला की हळूहळू फुगून वर येत होता आणि नाकाशी नेला की नव्या टायरच्या दुकानात येतो तसा वास.

संशय एक आणि खात्री वेगळी. संग्रहालयांत एखादी वस्तू काचेच्या कपाटात ठेवण्याआधी त्या कपाटाचं कापड, रंग, लाकूड तपासतात. ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये त्यासाठी एक चाचणी मांडली, ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तपासायच्या साहित्याचा तुकडा, थोडं पाणी आणि चांदी, शिसं, तांबं यांच्या पट्ट्या एका बंद काचेच्या नळीत घालून ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायच्या आणि पट्ट्यांचं काय होतं ते बघायचं. घरी एवढं काटेकोर जमत नाही, पण त्याचा साधा अवतार जमतो.

मी चार काचेच्या बरण्या घेतल्या. झाकणाला आतून रबराची चकती नाही ना, हे आधी बघा, नाहीतर चाचणीच फसते. चहाचे चार सारखे चमचे एकाच दिवशी पॉलिश केले, साबणाच्या कोमट पाण्याने धुतले, कोरडे केले आणि सुती हातमोजे घालून बरण्यांत उभे केले. प्रत्येक बरणीत एका छोट्या टोपणात ओला कापूस. पहिल्या बरणीत मखमलीचा पाच सेंटिमीटरचा तुकडा, दुसरीत फोमचा, तिसरीत मी आणलेलं न रंगवलेलं सुती फ्लॅनेल, चौथीत काही नाही. तुकडा चमच्याला टेकणार नाही अशी काळजी घेतली. चारही बरण्या एकाच फळीवर, उन्हापासून लांब ठेवल्या.

चौथ्या दिवशी फोमच्या बरणीतल्या चमच्याच्या कडेला फिकट सोनेरी झाक आली. इतकी सुंदर की माहीत नसतं तर वाईट वाटलं नसतं. अकराव्या दिवशी ती तांबूस-तपकिरी झाली आणि मधोमध जांभळा-निळा पट्टा उमटला. थर जसजसा जाड होतो तसे हे रंग बदलत जातात, आणि शेवटी काळा. एकविसाव्या दिवशी तो चमचा निम्मा काळा होता. मखमलीच्या, फ्लॅनेलच्या आणि रिकाम्या बरणीतले चमचे एकमेकांशेजारी ठेवून मला वेगळे ओळखता आले नाहीत.

रिकामी बरणी विसरू नका. तिच्यातलाही चमचा काळवंडला तर दोष तुमच्या धुण्यात किंवा कापसात आहे, कापडात नाही.

मग पेटी निवडताना काय बघायचं

अस्तर सर्वांत आधी. विकणाऱ्याला सरळ विचारा, कापड कशाचं आणि त्याच्याखाली काय आहे. "स्पेशल कापड आहे" हे उत्तर नाही. पॅसिफिक सिल्वरक्लॉथ नावाचं तपकिरी फ्लॅनेल अशा पेट्यांत वापरतात. त्याच्या सुती धाग्यांत चांदीचे अतिशय बारीक कण बसवलेले असतात. हवेतलं गंधक तुमच्या चमच्यापर्यंत पोचण्याआधी या कणांना चिकटतं. कापड स्वतःला खर्ची घालून चांदी राखतं. त्यामुळे ते कायमचं नसतं, आणि ते धुवायचंही नसतं. पेटी जितकी घट्ट मिटेल आणि जितक्या कमी वेळा उघडेल, तितकं ते जास्त वर्षं टिकतं. काळेपणा रोखणारं म्हणून विकलं जाणारं प्रत्येक कापड असं नसतं, म्हणून चांदीचे कण आहेत का, हाच प्रश्न विचारावा. गडद रंगाच्या सुती कापडाबद्दलही सावध राहा. काळ्या-निळ्या रंगांसाठी कापडगिरण्यांत गंधकाचे रंग वापरले जातात. माझी मखमल सुटली, तुमची सुटेलच असं नाही. बरणीत घालून बघा.

लाकडाबद्दल दोन शब्द. महोगनी आणि अक्रोड या कामाला पूर्वीपासून वापरतात आणि ते ठीकच आहे. ओक आम्लाच्या वाफा सोडतो, त्यामुळे मी टाळेन. सीडरसारखी सुवासिक लाकडं कपड्यांना चांगली, चांदीला नाहीत, कारण तो वास म्हणजे लाकडातून उडणारं तेलच असतं. प्लायवुड आणि एमडीएफमध्ये लाकडापेक्षा त्यातल्या गोंदाची भीती जास्त. कुठलीही नवी पेटी आणली की महिनाभर उघडी ठेवा. पॉलिशचा आणि गोंदाचा वास पूर्ण गेल्याशिवाय चांदी आत ठेवू नका. पेटीत डोकं घालून वास घेणं ही साधी परीक्षा आहे, पण मी ती कधीच चुकवत नाही.

झाकण कसं मिटतं ते बघायला रात्रीची वेळ बरी. मोबाइलची टॉर्च लावून पेटीत ठेवा, झाकण लावा, खोलीतले दिवे घालवा आणि चारी बाजूंनी फिरून बघा. जिथून उजेडाची रेघ येते तिथून हवा जाते. माझ्या पेटीला मागच्या बाजूला, दोन बिजागऱ्यांच्या मध्ये, बोटभर लांबीची फट होती. दिवसा ती कधीच दिसली नसती. दुकानात हे जमणार नसेल तर कागदाची पट्टी झाकणात धरून ओढा. सगळीकडे सारखीच अडकली पाहिजे.

मापाची चूक सगळेच करतात. पेटी "बारा जणांची" आहे म्हणून घेतो, आणि घरी आल्यावर वाढायचे मोठे डाव, केक कापायची सुरी, लांब काटे कुठेच बसत नाहीत. मग ते तसेच वर टाकले जातात, झाकण पूर्ण मिटत नाही, नग एकमेकांवर घासून चरे पडतात. जाण्याआधी सगळे नग मोजा. सर्वांत लांब नगाची लांबी आणि सर्वांत जाड मुठीची जाडी लिहून घ्या. एकेका प्रकारच्या नगाची कागदावर आकृती काढून ती कापून नेली तर आणखी उत्तम, खाचेत धरून बघता येते. पोकळ मुठीच्या सुऱ्यांची खाच जरा ढिलीच हवी. ओढून काढावी लागणारी सुरी आज ना उद्या मुठीपाशी हलायला लागते. बारा जणांचे पाच-पाच नग म्हणजे ६० नग, त्यांचं वजन सहज तीन किलोपर्यंत जातं. पेटी दोन्ही हातांनी उचलून तळ दाबून बघा. पातळ तळ मध्ये वाकला की कोपऱ्यांत फटी पडतात.

आणि एक प्रामाणिक मत. संच लहान असेल, किंवा वर्षातून दोनदाच बाहेर निघत असेल, तर पेटी नकोच. चांदीच्या कणांच्या फ्लॅनेलच्या गुंडाळ्या मिळतात. प्रत्येक नगाला वेगळा कप्पा असतो. गुंडाळी बांधून ती पॉलिथिनच्या झिपच्या पिशवीत घाला आणि कपाटाच्या साध्या खणात ठेवा. महागड्या ढिल्या पेटीपेक्षा चांदी यात जास्त चांगली राहते. पिशवी पीव्हीसीची नको, आणि स्वयंपाकघरातली चिकटणारी पातळ फिल्म थेट चांदीवर मुळीच नको.

ते तीन काटे

अस्तर बदललं, फट बुजवली, तरी ते तीन काटे पुन्हा दात्यांच्या बुडाशी काळे झाले. हे तीन काटे मी घाईत, बुडवून काढायच्या द्रावणाने साफ केले होते. अशा द्रावणांत आम्लाबरोबर बहुधा थायोयुरिया असतं, आणि थायोयुरियात गंधक असतं. दात्यांच्या खाचेत त्याचा अंश राहिला तर तोच पुढच्या काळेपणाचं बी होतो. पेटीला मी उगाच बोल लावत होते. काटे कोमट पाण्यात साबण घालून जुन्या मऊ ब्रशने घासले, तीनदा पाणी बदललं, दात्यांमधून सुती कापडाची पट्टी ओढून सुकवले. त्यानंतर रेघा आल्या नाहीत. आता मी ते द्रावण वापरत नाही. पोकळ मुठीच्या सुऱ्या तर कधीच कशातही बुडवायच्या नाहीत, आतला भरणा सुटतो.

अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्याची युक्ती अनेक जण सांगतात. ती चालते, काळा थर खरोखर निघतो. पण नक्षीच्या खाचांमधली जाणीवपूर्वक ठेवलेली काळसर छायाही त्यात धुऊन जाते आणि जुना नग एकदम बोडका दिसतो. शिवाय पाण्यातून कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडच असतो, तेव्हा निदान उघडी पेटी शेजारी ठेवून हे करू नका.

ओलावा आणि जागा

पेटी गॅसच्या शेगडीजवळ, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला टेकून किंवा बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीच्या कपाटात नको. आग न लागणाऱ्या तिजोरीत ठेवणार असाल तर जास्तच जपा. त्या तिजोरीच्या भिंतींत पाणी धरून ठेवणारा मसाला असतो, त्यामुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट राहू शकते. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आत ठेवून बघा, ५० टक्क्यांच्या खाली असेल तर बरं.

सिलिका जेलची पुडी ठेवा, पण चांदीला टेकू देऊ नका. नारिंगी दाण्यांनी रंग सोडला की बदला. सिलिका फक्त ओल शोषतं, गंधक धरत नाही. गंधकासाठी सक्रिय कोळशाच्या कागदी पट्ट्या मिळतात. ठेवताना त्यावर पेन्सिलीने तारीख लिहा, कारण वापरून संपलेली पट्टी आणि नवी पट्टी दिसायला सारखीच असते. मी सहा महिन्यांनी बदलते.

आहे तीच पेटी दुरुस्त करायची असेल तर

बहुतेक वेळा हेच करावं. जुनं अस्तर, फोम, वाळलेला सरस, सगळं खरवडून काढा. सरस प्राण्यांच्या कातडी-हाडांचा असतो, तो आत सोडून वर नवं कापड चिकटवू नका. पेटी पंधरा दिवस वाऱ्यावर ठेवा. नवं फ्लॅनेल थेट लाकडाला न चिकटवता आम्लमुक्त जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर ताणून, मागच्या बाजूने दोऱ्याने शिवून, ते तुकडे पेटीत घट्ट बसवा. गोंदाचा प्रश्नच उरत नाही, आणि आठ-दहा वर्षांनी कापड थकलं की तुकडे उचलून बदलता येतात. माझ्या पेटीचे पाच तुकडे झाले, दोन दुपारी लागल्या. मागची फट त्याच फ्लॅनेलची घडी शिवून बुजवली.

शेवटचं एक काम मी संग्रहालयांच्या पद्धतीवरूनच उचललं. संचातला नसलेला एक साधा चांदीचा चमचा चकचकीत पॉलिश करून बिजागरीपाशी, जिथे फट होती तिथे, अस्तरावर ठेवते. महिन्यातून एकदा झाकण उघडून फक्त तोच उचलून बघते. त्याच्या कडेला ती सोनेरी झाक दिसली की कोळशाची पट्टी बदलायची आणि झाकण पुन्हा तपासायचं. आज अकरावा महिना आहे. त्या चमच्यावर अजून झाक नाही, आणि बाकीच्या ४४ नगांना पॉलिशचं फडकं लागलेलं नाही.